टँकमध्ये सहा कोरी मासे, पण ग्रूप एकही नाही

फेब्रुवारीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "अगं, ते तळातले मासे झोपलेत का आजारी आहेत तेच कळेना, दोन दिवस फिल्टरच्या मागून हललेले नाहीत, जरा येऊन बघतेस का." टँक नातवाच्या आठव्या वाढदिवसाला घेतलेला, पण शाळा, क्लास, क्रिकेट यात नातू फक्त संध्याकाळी मासे बघायला येतो, बाकी पाणी बदलणं, खाणं घालणं सगळं काकूंकडे. आणि काकू ते मनापासून करतात, त्यांच्याकडे एक छोटी वही आहे त्यात पाणी कधी बदललं ते तारखेसकट लिहिलेलं असतं. पुढचं सगळं प्रकरण मला इतकं नीट सांगता येतंय ते त्या वहीमुळेच.

टँक २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर, आणि दगड-लाकूड-वरची मोकळी जागा धरून खरं पाणी ४५ च्या आसपास. त्यात १० निऑन टेट्रा, एक सकर (काचेला चिकटून बसणारा मासा), आणि ६ कोरी, म्हणजे कोरिडोरास, तळाला राहणारे मिशावाले छोटे कॅटफिश. सहा म्हणल्यावर मला आधी वाटलं संख्या तर ठीक आहे, मग त्रास पाण्याचा असणार. पण वाकून बघितलं तेव्हा कळलं की ते सहा म्हणजे २ अल्बिनो (पांढरे), १ ब्राँझ (तपकिरी), २ पेपर्ड (ठिपक्यांचे) आणि १ पांडा. दुकानात नातवाने "हा पण, हा पण" केलं आणि दुकानदार म्हणाला की कोरी सगळे एकच, मिक्स चालतात, सहा झाले की बास.

आणि गोची इथेच आहे. "कोरी किमान सहा ठेवा" हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं, चांगली गोष्ट आहे, पण ते सहा एकाच जातीचे हे वाक्य दुकानापासून घरापर्यंत येता येता गळून पडतं. कोरी नावाखाली जे विकलं जातं त्या शंभराच्या वर जाती आहेत, सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या. एकमेकांशी भांडत नाहीत हे खरं, त्यामुळे मिक्स "चालतं" असं वाटतं, पण भांडण नाही म्हणजे सोबत आहे असं होत नाही. एका चाळीत राहणारे सगळे एका घरातले नसतात ना, तसंच.

मी त्या दिवशी काही बदललं नाही. काकूंना म्हणलं, "काकू, तुम्ही आठवडाभर फक्त मोजा, रोज सकाळी ८ वाजता टँकसमोर १० मिनिटं बसायचं आणि किती कोरी उघड्यावर दिसले, कोण कोणाजवळ होता ते लिहायचं." कोरी बिघडलाय का हे त्याच्या रंगापेक्षा वागण्यात आधी दिसतं, आणि आपण आठवणीवर गेलो की आपल्याला पाहिजे तेच आठवतं, म्हणून आकडा हवा होता. आठवड्याची वही अशी होती: बहुतेक दिवस उघड्यावर १ किंवा २, दोन दिवस एकही नाही. दोन पेपर्ड कायम एकत्र, पांडा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर. आणि एक गोष्ट काकूंनी स्वतःहून लिहिली होती जी मी विचारलीच नव्हती, "तपकिरी मासा दोन पांढऱ्यांच्या मध्ये जाऊन बसतो."

ते वाचून मला फार आनंद झाला, कारण सगळ्या निर्णयाची किल्ली त्या ओळीत होती. आपल्याकडे मिळणारा अल्बिनो कोरी बहुतेक वेळा ब्राँझचाच रंग गेलेला प्रकार असतो, जात एकच. म्हणजे ते २+१ नव्हते, ते ३ होते. माणूस रंगाने गट पाडतो आणि तो तपकिरी मासा मात्र आपल्याच लोकांत जाऊन बसला होता. (२०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरिडोरास हा मोठा वंश (जवळच्या जातींचा गट) फोडून त्याचे बरेच वेगळे वंश केले, त्यात ब्राँझ गेला ऑस्टिओगॅस्टरमध्ये आणि पेपर्ड, पांडा दोघं गेले हॉप्लिसोमामध्ये, त्यामुळे आता दुकानाच्या लिस्टवर ही नावं दिसली तर गोंधळू नका, मासे तेच आहेत.)

संख्येचं ठरवायच्या आधी बाकीच्या दोन गोष्टी बघणं भाग होतं, नाहीतर सगळं खापर संख्येवर फुटलं असतं. पहिली म्हणजे तळ. काकूंच्या टँकमध्ये रंगीत खडे होते, निळे-गुलाबी, धारदार. एका अल्बिनोच्या मिशा जवळजवळ नव्हत्याच, नुसते खुंट. कोरी खाणं मिशांनी शोधतो, तोंड तळात खुपसून, आणि धारदार खडे व त्यांच्यामध्ये साचलेली घाण या दोन्हींनी मिशा झिजतात, सडतात. असा मासा अर्धपोटी राहतो आणि मग लपून बसतो. दुसरी म्हणजे सकर. दुकानात दोन इंचाचा असतो, पण तो फूटभराच्या वर वाढणारा मासा आहे आणि घाण खातो त्यापेक्षा जास्त करतो. ४५ लिटर पाण्यात कोरी किती हा प्रश्न सकर असेपर्यंत विचारण्यात अर्थच नव्हता. तो एका ओळखीच्यांच्या ६ फुटी टँकमध्ये गेला. इथे एक कळकळीने सांगते, सकर नको झाला म्हणून नदीत, तलावात, विसर्जन हौदात कुठेही सोडू नका, हा बाहेरचा मासा आहे आणि भारतात किती तरी ठिकाणच्या पाण्यात तो आधीच माजलाय.

खडे काढून बारीक सिलिका वाळू घातली. २ फूट बाय १ फूट तळावर इंचभर थर म्हणजे साधारण ७ किलो लागते, ती बादलीत पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवायची, आम्ही दोघींनी बाथरूममध्ये बसून दहा-बारा पाण्यांनी धुतली. त्या संध्याकाळी ब्राँझ कोरीने वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड घातलं, तोंडात वाळू भरली आणि दोन्ही कल्ल्यांतून ती बारीक धारेने खाली सोडली, चाळणीतून रवा पडावा तशी. नातू काचेला नाक लावून अर्धा तास बसला होता. ग्रूप अजून अपुरा असतानाही वाळूने एवढा फरक पडला, म्हणून सांगते, आधी तळ, मग संख्या.

आता खरा प्रश्न, किती आणि कोणते.

नातवाचं म्हणणं होतं की सगळे ठेवू आणि प्रत्येकाचे सहा-सहा करू. त्याच्या वयाला ते अगदी न्याय्य होतं, कोणालाच घालवायचं नव्हतं त्याला. पण मग होतात ६ ब्राँझ-अल्बिनो, ६ पेपर्ड, ६ पांडा, एकूण १८, आणि कोरी राहतो तळाला. लिटर मोजून उपयोग नाही, टँक दीड फूट उंच केला तरी कोरीची जागा वाढत नाही. तळ तेवढाच, २ चौरस फूट. ब्राँझ आणि पेपर्ड सहा-सात सेंटिमीटरपर्यंत होतात, पांडा थोडा लहान. त्या तळावर लाकूड आणि झाडं आहेतच, उरलेल्यात अठरा जण म्हणजे लोकलच्या डब्यातली गर्दी.

दुसरा पर्याय, आहेत ते सगळे देऊन टाकायचे आणि पिग्मी कोरी घ्यायचे, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा मासा, तळाला कमी आणि मधल्या पाण्यात जास्त पोहतो, १२ सुद्धा बसले असते. कागदावर हे सगळ्यात छान होतं. पण तो आपल्याकडे कायम मिळत नाही, महाग पडतो, नाजूक असतो, आणि मुख्य म्हणजे काकूंचा जीव या सहांत अडकला होता. केवळ गणित जुळतंय म्हणून घरातला मासा बदलायचा हे मला पटत नाही.

तिसरा पर्याय, एक जात निवडायची, तिचा ग्रूप पूर्ण करायचा आणि बाकीच्यांना त्यांच्या जातीत पोचवायचं. हा ठरला. कोणती जात यात मात्र पुण्याच्या उन्हाळ्याने कौल दिला. पेपर्ड हा दक्षिणेकडच्या, पाराना आणि उरुग्वेकडच्या पाण्यातला मासा, जिथे हिवाळ्यात चांगलीच थंडी असते, त्याला २०-२४ अंश बरं. पांडालाही थंडच आवडतं. काकूंचा हॉल पश्चिमेला, एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३१ पर्यंत जातं, गेल्या वर्षीची वही तेच सांगत होती. ब्राँझसाठीही ३१ म्हणजे जास्तच, पण या तिघांत उष्णता त्यातल्या त्यात तोच काढतो. याहून गरम पाणी सोसणारा हवा तर स्टर्बाय नावाचा कोरी आहे, पण तो महाग, आणि इथे तीन ब्राँझ आधीच घरात होते. म्हणून ब्राँझ-अल्बिनो.

पेपर्ड द्यायचे म्हणल्यावर नातू रडवेला झाला. त्याला मी सांगितलं की हा जो ठिपक्यांचा मासा आहे ना, तो चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता आणि १८४२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. हे ऐकून आपल्या घरातून एवढा मोठा मासा चालला म्हणून त्याला अजूनच वाईट वाटलं, पण तो कुठे चाललाय ते त्याला बघायचं होतं. माझ्या मैत्रिणीचं घर तळमजल्यावर आहे, गारवा असतो, ३ फुटी टँक, त्यात ५ पेपर्ड आधीपासून. आम्ही दोघं स्कूटरवर डबा घेऊन गेलो. पिशवीचं पाणी हळूहळू मिसळून दोघांना सोडलं, ते क्षणभर जागीच थांबले, मग कोपऱ्यातून एक जण आला, त्याने बाजूने येऊन नवीन माशाला अंगाने हलकंसं ढोसलं, आणि पुढच्या दोन मिनिटांत सातही जण एका ओळीत काचेच्या कडेकडेने फिरायला लागले. हे ढोसणं म्हणजे मारामारी नाही. ब्राँझ कोरीवर केंब्रिजच्या संशोधकांनी याचा अभ्यास केलाय, एकमेकांना स्पर्श करून ते हालचाल जुळवतात. पाणी गढूळ, डोळ्यांना नीट दिसत नाही, तिथे शेजारी आहे ना हे अंगाने कळतं. आपण एकटा कोरी ठेवतो तेव्हा त्याच्याकडून नेमकं हेच काढून घेतो. पांडाही तिकडेच गेला, मैत्रिणीला मी अजून ५ पांडा घ्यायला सांगितलेत, तिच्या तळाला जागा आहे.

इकडे राहिले ३. आता किती करायचे? काकू म्हणाल्या, "अकरा करूया का, विषम आकडा बरा असतो." विषम-समचा नियम खूप जण सांगतात, पण कोरी काही जोड्या लावून जागा अडवून बसत नाहीत, त्यामुळे सात काय आणि आठ काय, त्याने काही बिघडत नाही. मी आठ सांगितले, आणि त्याचं कारण सांगते. सहा ही सुरुवातीची पायरी आहे, तिथून कोरी कोरीसारखा वागायला लागतो असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. पण बरोब्बर सहा ठेवले आणि एक गेला की पाच, अजून एक गेला की चार, आणि मासे जातातच, कितीही जपलं तरी. दोनच ठेवले असतील तर एक गेल्यावर दुसरा तडक एकटाच पडतो. म्हणून ग्रूप ठरवताना आज किती दिसतील एवढंच बघू नये, दोन कमी झाल्यावर किती उरतील ते बघावं. आठातले दोन गेले तरी सहा उरतात. त्यांच्या मूळच्या नद्यांत ते दहा-वीसच काय शेकड्यांनी फिरतात, तेव्हा आठ म्हणजे चैन आहे असं काही समजू नये.

पाच नवीन मासे मार्चच्या शेवटी आणले आणि तिथे चूक झाली. दुकानदाराने पाचही एका छोट्या पिशवीत घातले, जाळीने पकडताना दोघांचे काटे जाळीत अडकले, ते ओढून काढले, आणि मी गप्प बसले, बोलायला हवं होतं. बाहेर ३८ अंश, ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. घरी आलो तेव्हा पिशवीतल्या पाण्याला फेस होता. कोरीच्या बाजूच्या पंखांचे काटे टणक असतात आणि तिथे विषग्रंथी असतात, मासा फार घाबरला की स्राव सोडतो, आणि एवढ्याशा पाण्यात तोच स्राव सगळ्यांना बाधतो. ताबडतोब काढून स्वच्छ पाण्याच्या टबात सोडले तरी एक दुसऱ्या दिवशी गेला. काकूंनी वहीत नुसतं "१" लिहून गोल केलाय. तेव्हापासून मी दुकानात जाताना झाकणाचा डबा घेऊन जाते, जाळीऐवजी मगाने पकडायला लावते, आणि पाच मासे असतील तर दोन मोठ्या पिशव्या मागते, अर्ध्याहून जास्त हवा भरलेल्या.

उरलेले चार जण दोन आठवडे २० लिटरच्या टबात स्पंज फिल्टरवर ठेवले आणि मग मोठ्या टँकमध्ये. चौथ्या दिवशी नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारं विषारी द्रव्य) टेस्टमध्ये हलकासा गुलाबी रंग आला, म्हणजे फिल्टरमधल्या जिवाणूंना चार माशांचा जास्तीचा भार झेपत नव्हता. खाणं निम्मं, तीन दिवस रोज २५ टक्के पाणी बदल, आणि आठवड्यात ते शून्यावर आलं. पाणी बदलताना अजून एक भानगड, आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर येतो, नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीटरवर १०० च्या आत आणि टँकरचा ६०० च्या वर. एकदम ३० टक्के टँकरचं पाणी घातलं तर माशाला धक्का बसतो, म्हणून काकू आता नळाचं पाणी आलं की दोन ड्रम भरून ठेवतात.

मे महिन्यात पाणी ३१ झालं तेव्हा काकूंचा परत फोन, "सगळे सारखे वर जाऊन येतायत." कोरी वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्यातून त्यातला ऑक्सिजन शोषतो, अधूनमधून असं करणं त्याचा स्वभावच आहे. पण १० मिनिटांत एकेक जण चार-पाच वेळा जायला लागला तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय. एअर स्टोन वाढवला, वरची काच काढून जाळी टाकली आणि छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला, पाणी २८ वर आलं आणि येरझाऱ्या थांबल्या. पाणी उडतं, ते रोज भरावं लागतं. ग्रूप मोठा असला की हा इशाराही लवकर मिळतो, एकटा कोरी कोपऱ्यात धापा टाकत बसला असता तर कोणाच्या लक्षात आलं असतं?

जूनमध्ये आठवा आणला, एकटाच, डब्यातून. त्याचे दोन आठवडे टबात झाल्यावर जुलैच्या पहिल्या आठवड्याची वही अशी: ८ पैकी उघड्यावर ६, ७, ७, ५, ८, ७, ७. पाच होते त्या दिवशी कामवाल्या मावशींनी काच पुसली होती. दुपारी सगळे लाकडाखाली एकमेकांना टेकून पडलेले असतात, अंग अंगाला लावून, आणि त्यातला एक मध्येच बुबुळ खाली फिरवतो तेव्हा डोळा मारल्यासारखं दिसतं, नातू त्याची वाट बघत बसतो. मिशांचे खुंट असलेल्या अल्बिनोच्या मिशा अर्ध्या तरी परत आल्यात. खाण्याची वेळ बदलली, आता लाइट बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाकतात, त्याही एका जागी न टाकता तीन ठिकाणी, कारण आठ जण एकाच गोळीवर गेले की बारक्यांना काही मिळत नाही आणि दिवसा टाकलं तर निऑन आधी पळवतात.

मागच्या आठवड्यात काकूंनी विचारलं, "एवढे छान राहतायत तर अजून दोन आणूया ना, दहा होतील." मलाही मोह झाला, खरं सांगते. मग आम्ही शनिवारी पाणी बदलायच्या आधी नायट्रेट (घाणीचा शेवटी पाण्यात साचत जाणारा अंश) तपासलं. २० आणि ४० च्या मधला रंग. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलूनही तिथे पोचतंय, आणि टँकरच्या दिवसांत काकूंना आठवड्यातून दोनदा बदल जमणार नाही, त्यांचे गुडघे दुखतात आणि बादल्या त्याच उचलतात. म्हणून आठच. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी आता पेनने लिहून ठेवलंय, "कोरी ८, आणायचे नाहीत", आणि त्याखाली नातवाने पेन्सिलने लिहिलंय, "मोठा टँक घेतला तर १५".